अर्धांगवायूचे साडेचार तास

तापीकाठचे बऱ्हाणपूर आज मध्यप्रदेशात मोडत असले, तरी महाराष्ट्राच्या सीमेला ते इतके खेटून आहे की तेथील पेठांतून मराठी सहज कानी पडते. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत कालव्यांनी या शहरात आणले गेले. कुंडी भांडारा या नावाने ओळखली जाणारी ती योजना आजही पाहावयास मिळते. त्या पाण्यातील चुन्याचा अंश भिंतींवर थराथराने साचतो व वाट अरुंद करतो. असा कालवा एके ठिकाणी तुंबला की पुढची वस्ती कोरडी पडणारच. अर्धांगवायू समजावून घेण्यास याहून बोलका दाखला शोधावयास नको.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो आणि गरजेपुरताही साठा बाळगत नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे खराब होत जातात. तेथे धरलेली किंवा हृदयातून वाहत आलेली रक्ताची गुठळी अडकली की पलीकडचा भाग उपाशी पडतो. कधी रक्तवाहिनीच फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आहे.

आपल्याकडे मात्र 'अंगावरून वारे गेले' असे म्हणण्याची रीत. उत्तरेकडे 'लकवा' म्हणतात आणि हकिमांच्या परिभाषेत 'फालिज'. आयुर्वेदाने दोष वाताला दिला, युनानी वैद्यकाने कफाला. शरीराचा नेमका अर्धा भाग निकामी होतो, हे पूर्वजांचे निरीक्षण अचूक होते. त्यास हसण्याचे कारण नाही. तथापि व्याधीस आपण जे नाव देतो, त्यावर रोग्यास कोठे न्यावयाचे हे ठरते, ही गोष्ट गंभीर आहे. वारेच गेले अशी समजूत असली म्हणजे घरचे लोक तेल चोळतात, कोणी कबुतराचे रक्त लावावयास सांगतो, कोणी देवस्थानाची वाट दाखवतो. आणि मोलाचे तास निघून जातात.

हे तास मोजके आहेत. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. काही रोग्यांच्या बाबतीत मोठी गुठळी नळीवाटे बाहेर काढता येते. त्यासाठी अवधी अधिक मिळू शकतो, पण तेथेही विलंबाची किंमत मोजावीच लागते. रक्तस्राव झाला असेल तर हेच औषध घातक ठरेल, म्हणून आधी सीटी स्कॅन अपरिहार्य. तोंड एका बाजूस ओढले जाणे, एक हात खाली पडणे, जीभ अडखळणे, यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले तर घड्याळ पाहून वेळ ध्यानात ठेवावी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रोग्याच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आपल्या मनाने रक्तदाबाची वा रक्त पातळ करण्याची गोळीही देऊ नये.

परंतु घरच्यांनी सारे वेळेवर केले, तरी रस्त्याचे काय? बऱ्हाणपूरहून खंडवा सुमारे ७० किलोमीटर, इंदूर १८० च्या आसपास. जळगाव त्यामानाने जवळ, पण राज्याच्या सीमेपलीकडे. यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराचे साडेचार तास अशा प्रवासातच सरावयाचे. आम्हां किनारपट्टीवासीयांस हे चित्र परके नाही. दोडामार्ग-सावंतवाडीचा रोगी सीमा ओलांडून बांबोळीला येतो. काणकोण-सत्तरीच्या खेड्यांतूनही वाट लांबचीच. सीमा शासनाच्या असतात, रक्तवाहिन्यांना त्या ठाऊक नसतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अहोरात्र चालणारे स्कॅन यंत्र, ते वाचणारा तज्ज्ञ निदान दूरध्वनीवर आणि औषध हाताशी, एवढी तरतूद असेल तर उपचार तेथेच सुरू करून रोग्यास पुढे पाठविता येईल. ही मागणी अवाजवी आहे असे कोण म्हणेल?

जीव वाचला म्हणजे प्रश्न संपला, असेही नव्हे. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली तर उजवे अंग जाते, आणि बहुधा वाचाही. माणसाला सारे समजत असते, शब्द मात्र सापडत नाही; घरचे त्यास 'डोके फिरले' समजतात. उजव्या भागास इजा झालेल्या काहींना आपली डावी बाजूच जाणवेनाशी होते. अनेकांना गिळणे कठीण जाते, आणि खिन्नता घेरते. ही खिन्नताही आजाराचाच भाग आहे, हट्ट नव्हे.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, पण पुढेही थांबत नाही. मेंदूचे शाबूत भाग गेलेले काम हळूहळू उचलू लागतात; मात्र त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. रोग्यास नुसते निजवून ठेवणे व सारे काही त्याच्या हाती आणून देणे, ही माया असली तरी हिताची नव्हे. लुई पाश्चर यांना १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, झटका आला. डावे अंग कायमचे अधू राहिले. तरीही अलर्कावरची लस त्यांनी त्यानंतर, १८८५ साली दिली. प्रत्येक रोगी पाश्चर होणार नाही. पण यंत्रमागाचा कामगार पुन्हा आपल्या हाताने घास घेऊ लागला, तर त्याच्या घरापुरते ते यश उणे नाही. व्यायामोपचार व वाचोपचार तालुक्याच्या गावी मिळाले पाहिजेत, ते याचसाठी.

कुंडी भांडारा बांधणाऱ्यांनी ठरावीक अंतरावर कुंड्या ठेवल्या, त्यामुळे आत उतरून कालव्याकडे पाहता येते. रक्तदाब वेळोवेळी मोजणे ही शरीराच्या कालव्यांची तशीच देखभाल होय. तिला खर्च फारसा नाही, आणि दुर्लक्षाचा खर्च साऱ्या घराला जन्मभर सोसावा लागतो.