लहान मुलाची कातडी आणि साबण

मूल चालू लागले की ते अंगणात, गोठ्यात, शेताच्या बांधावर मनसोक्त लोळते. संध्याकाळी आई त्याला न्हाणीत बसवून डोक्यापासून पायापर्यंत साबण चोळते. पुष्कळ घरांत ती वडी कपडे धुण्याचीच असते. काही दिवसांनी मुलाचे गाल, कोपराचे व गुडघ्यामागचे सांधे खरखरीत होतात, मूल खाजवू लागते. मळ राहिला असे समजून आई आणखी साबण लावते आणि खाज वाढते.

लहान मुलाची कातडी पातळ असते. तिच्यातील ओलावा लवकर उडतो. आम्ल जमीन आणि चोपण जमीन यांतला फरक शेतकऱ्याला सांगायला नको. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, तर साबण अल्कधर्मी. मळाबरोबर तो अंगचे तेलही नेतो. कपड्यांच्या वडीत धुण्याचा सोडा असल्याने ती अधिक झोंबते. पाणी जड असेल तर फेस न होता साबणाचा साका कातडीवर बसतो.

म्हणून मातांनी एवढे पाळावे :

१) अंगाला साधा, बिनवासाचा अंघोळीचा साबण वापरावा. वेष्टनावर ‘ग्रेड १’ व टी.एफ.एम. ७६ टक्के किंवा अधिक असे पाहून घ्यावे.

२) साबण आपल्या हातावर फेसावा. तो मळलेले हातपाय, काखा, जांघा व ढुंगण एवढ्यालाच लावावा. बाकी अंगाला पाणी पुरे.

३) पाणी कोमट असावे, कोपर बुडवून पाहावे. अंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकावी.

४) कातडीच्या घड्यांतला साबण नीट धुवावा. अंग न घासता मऊ फडक्याने टिपावे व ओलसर असतानाच खोबरेल लावावे.

५) वडी मुलाच्या हाती लागू देऊ नये. डोळ्यात साबण गेल्यास स्वच्छ पाण्याची धार धरावी.

मात्र दोन ठिकाणी साबणाची काटकसर नको. जेवणापूर्वी व शौचानंतर मुलाचे हात साबणाने धुवावेतच. तसेच पिकावरचे औषध मुलाच्या अंगावर उडाले तर कपडे ताबडतोब काढून भरपूर पाणी व साबणाने अंग धुवावे आणि औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी घेऊन दवाखाना गाठावा. फवारणी करून आलेल्या वडिलांनी अंघोळ करून, कपडे बदलल्यावरच मुलाला उचलावे.

कातडी लाल होऊन चिघळली, पू किंवा पिवळी खपली धरली, ताप आला, तर घरगुती लेप न लावता डॉक्टरांना दाखवावे.