गोरेपणा कातडीचा की कॅमेऱ्याचा?

ही जाहिरात तुमच्या ओळखीची असेल. डावीकडे एका मुलीचा सावळा, उदास चेहरा. उजवीकडे तोच चेहरा, पण गोरा आणि हसरा. मध्ये क्रीमची ट्यूब. गोरी होताच मुलीला नोकरी मिळते, नाहीतर तिचे लग्न ठरते! या गोष्टीला पुरावा काय, तर ती दोन छायाचित्रे. हा पुरावा आज आपण पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहू.

त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. एक काळे कापड, एक पांढरे कापड आणि घरातील मोबाइल फोन घ्या. खिडकीजवळ काळे कापड पसरून त्यावर हात ठेवा. हात मध्यभागी लहान दिसेल आणि बाकीची चौकट कापडाने भरेल, अशा बेताने फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा आणि पडद्यावरील हाताच्या चित्राला बोट लावू नका. मग त्याच जागी पांढरे कापड पसरून दुसरा फोटो काढा. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. काळ्या कापडावरचा हात उजळ दिसेल आणि पांढऱ्यावरचा काळपट! क्रीमचा थेंबही न लावता हात 'गोरा' झाला.

असे का होते? कॅमेरा चौकटीतील सरासरी प्रकाश मोजतो आणि चित्र मध्यम करड्या छटेचे व्हावे असा प्रयत्न करतो. काळ्या कापडावरून फार थोडा प्रकाश परावर्तित होतो. म्हणून कॅमेरा अधिक वेळ प्रकाश आत घेतो आणि त्याबरोबर हातही उजळतो. पांढऱ्या कापडाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. शिवाय लहान दिवा २ मीटरवरून १ मीटरवर आणला, तर चेहऱ्यावर चौपट प्रकाश पडतो. म्हणजेच दोन्ही फोटोंत प्रकाश आणि कॅमेऱ्याची मांडणी तंतोतंत सारखी नसेल, तर त्यांवरून कातडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

छायाचित्रातील रंग जुळवायला कोणता तरी नमुना प्रमाण धरावा लागतो. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले कार्ड पाठवीत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी ठीक दिसली की रंग बरोबर, असे मानले जाई. परिणामी सावळ्या चेहऱ्यांतील बारकावे अंधारात बुडत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डे आली ती १९९० च्या दशकात.

आता खुद्द कातडीकडे वळू. तिच्या वरच्या थरात मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत त्यांची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात. मेलॅनिन दृश्य प्रकाश शोषते, म्हणून कातडी सावळी दिसते. पण सूर्याचे अतिनील किरण ते याहून अधिक शोषते. हे किरण पेशींतील डीएनएला इजा करतात. सावळी कातडी ही कडक उन्हाच्या प्रदेशातील माणसाला निसर्गाने दिलेली छत्रीच आहे.

ही छत्री मुलाला आणि मुलीला सारखीच मिळते. मग गोरेपणाची सक्ती मुलींवरच अधिक का? आपल्या वधूवरांच्या जाहिराती पाहा. वधू 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' हवी. वराची मात्र पदवी आणि पगार छापतात. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आले ते स्त्रियांसाठी. २००५ मध्ये पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आले आणि बायकांचे क्रीम वापरणाऱ्या पुरुषाची जाहिरातीत थट्टा होऊ लागली. कातडीचा रंग कमीपणाचा ठरवणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे जाहिरातदारांच्या मानक परिषदेने २०१४ मध्ये सांगितले. २०२० मध्ये पहिल्या क्रीमच्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. पण उजळपणाची हौस काही गेली नाही.

ही हौस महागात पडू शकते. रंग उजळवणाऱ्या काही क्रीमांत पारा सापडलेला आहे. पारा मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला घातक आहे. म्हणून २०१३ च्या मिनामाता करारात पारायुक्त प्रसाधने बंद करण्याचे ठरले. आणि रंगामुळे स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभी राहणारी, उन्हात खेळायला न येणारी मुलगी जे गमावते, ते तर कोणत्याच तराजूत मोजता येत नाही.

आता एक काम करा. महिनाभर जाहिरातींची कात्रणे जमवा. प्रत्येकीत स्त्री काय करते, पुरुष काय करतो आणि प्रकाश कोणाच्या चेहऱ्यावर किती पाडला आहे, याचा तक्ता बनवा. तो वर्गात लावा आणि त्यावर चर्चा करा. शेजारी आपल्या हाताचे ते दोन फोटोही लावायला विसरू नका!