उठाबशा नव्हे, बैठका!

बालमित्रांनो, गेल्या जूनमधली गोष्ट. कवायतीच्या तासाला मी चौथीच्या मुलांना म्हटलं, "चला, दहा बैठका काढू." तर एकजण रडवेला होऊन म्हणाला, "बाई, पण मी काय चूक केली?"

त्याला वाटलं, ही शिक्षाच! मुलांना शारीरिक शिक्षा करायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. पण उठाबशांची भीती काही गेलेली नाही.

तो कसाबसा खाली वाकला. अर्ध्यात टाचा उचलल्या गेल्या आणि स्वारी मागे आपटली. सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. दुसऱ्या दिवशी कवायतीच्या तासाला त्याचं पोट दुखायला लागलं. काय ते मी ओळखलं.

संध्याकाळी घरी दार लावून मी स्वतः बैठक मारून पाहिली. माझ्याही टाचा उचलल्या! मग कुणाला हसायचं?

आपली आजी उकिडवी बसून भाजी निवडायची, अंगण झाडायची. आपण खुर्चीवर, बाकावर, सोफ्यावर बसतो. घोटे पुरते वाकायची सवयच मोडते. म्हणून खोल बसता येत नाही.

मग आम्ही वर्गात असं ठरवलं. आधी पाच मिनिटं जागच्या जागी धावून अंग गरम करायचं. पाय खांद्याइतके फाकवायचे, चवडे किंचित बाहेर. खिडकीचे गज धरून हळूहळू खाली जायचं. गुडघे चवड्यांच्या दिशेनेच वाकले पाहिजेत, आत नकोत. टाचा जमिनीला चिकटलेल्या. खाली पाच श्वास थांबायचं आणि उठायचं. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलतात, पण ते पुढचं काम!

खोली वाढवायची तर पायरीपायरीने. आधी बाकाला टेकून उठायचं. ते सोपं झालं की चौरंग, मग पाट. आठ-आठ बैठकांच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. तीन आकडे मोजत खाली, एका आकड्यात वर. जमलं की पुढच्या आठवड्यात प्रत्येक फेरीत एक बैठक वाढवायची. घाई नाही.

गंमत म्हणजे, तुमच्या वयात सुरुवातीला मांड्या जाड होत नाहीत, तरी ताकद वाढते. मेंदू आणि स्नायू यांची जोडी जमू लागते, म्हणून. सायकल शिकताना होतं, तसंच!

आपल्या तालमींत जोर-बैठकांचा मान मोठा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच कुस्तीच्या मातीतून पुढे आले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. खचले नाहीत, मेहनत वाढवली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मांड्या थोड्या भरून आल्या तर काळजी नको. पण गुडघा दुखला तर व्यायाम लगेच थांबवा, दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. जाणत्या शिक्षकाशिवाय मुलांच्या खांद्यावर वजन नको. भाकरी, उसळ, दूध, शेंगदाणे आणि पुरेशी झोप, एवढा खुराक पुष्कळ आहे. आणि कृपा करून घरी उठाबशांची शिक्षा देऊ नका. ज्या गोष्टीची लाज वाटते, तिची गोडी कशी लागेल?

माझ्या त्या विद्यार्थ्याची मी वर्गासमोर माफी मागितली. "चल, दोघं मिळून शिकू," म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीआधी पठ्ठ्या पाटापर्यंत पोचला. टाळ्या काय वाजल्या म्हणता!

मी अजून चौरंगावरच आहे. आता फेऱ्या तोच मोजतो. आणि मध्येच ओरडतो, "बाई, टाचा!"