एक नेकबँड, दोन धनी

महात्मा फुले मंडईत आमचा भाजीचा गाळा आहे. तेथे बसून मी ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकतो. परवा मी नेकबँड गळ्यात सोडून वजन करीत होतो. इतक्यात अण्णांच्या फोनवर खानावळवाले बोलू लागले. अण्णा 'हॅलो, हॅलो' ओरडताहेत आणि गिऱ्हाइकाचा आवाज माझ्या गळ्यात कुजबुजतोय! वीस किलो कांद्याची मागणी गेली.

दोष ब्लूटूथच्या स्मरणशक्तीचा. एकदा जोडलेली उपकरणे परस्परांची गुप्त किल्ली जपतात आणि पुन्हा भेटताच आपोआप जोडली जातात. मी कधीतरी अण्णांचा फोन हौसेने जोडला होता. काही नेकबँड दोन फोन एकदम धरतात. मात्र ऐकवतात एकाचेच, आणि मान संभाषणाला पहिला. व्याख्यान बिचारे थांबते.

गर्दीत आवाज तुटतो तो निराळ्या कारणाने. या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या, वाय-फायही बहुधा तेथेच. टक्कर टाळण्यासाठी ब्लूटूथ 79 वाटांवरून सेकंदाला 1600 उड्या मारतो, पण माणसांच्या अंगातले पाणी लहरी शोषते. आणि मंडईत माणसांना काय तोटा!

अण्णांच्या फोनमधून मी नेकबँडची नोंद पुसली. अण्णा म्हणाले, "ते झालं. आता खानावळीत जाऊन सांगणार कोण?"

मीच गेलो.