नागझिऱ्याला निघालात? जुनं लुगडं घेतलंत का?

निसर्गलेखक किरण पुरंदरे नागझिऱ्याच्या जंगलात ४०० दिवस राहिले, त्यातून ‘सखा नागझिरा’ आलं. त्याच्या कितीतरी आधी व्यंकटेश माडगूळकरांनी इथे मुक्काम टाकला आणि ‘नागझिरा’ लिहिलं. मारुती चितमपल्लींची वनखात्यातली नवेगावबांधची वर्षं तर मराठी वाचकाला पाठच आहेत. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान, आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. जंगलातल्या मुक्कामावरचं मराठीतलं इतकं सुंदर लेखन गोंदिया-भंडाऱ्याच्या या एका पट्ट्यातून आलंय, आणि ते सगळं कंदिलाच्या उजेडातल्या राहण्याचं आहे. नागझिऱ्याच्या विश्रामगृहांची ख्यातीच मुळी ‘वीज नाही’ अशी.

अभयारण्यात हवा तिथे तंबू ठोकता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुक्काम वनखात्याच्या परवानगीने किंवा बाहेरच्या गावांत. पण सामानाचे प्रश्न तेच राहतात: पाणी, झोप, उजेड. आणि उत्तरं बहुतेक घरातच सापडतात.

आजीचं लुगडं, शास्त्रज्ञांचं प्रमाणपत्र

बांगलादेशातल्या मतलब भागात शास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. बायकांना सांगितलं, घड्याच्या तोंडावर जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी बांधा आणि तिच्यातून पाणी गाळून घ्या. २००३ साली निष्कर्ष छापून आले: कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरलं. कारण असं, की कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्लवकांना चिकटून राहतात. कापडात प्लवक अडकले की जंतूंची मोठी फौजही तिथेच अडकते.

यातली खरी गंमत ‘जुनी’ या शब्दात आहे. नवी साडी तितकी चालत नाही. धुऊन धुऊन सुताचे धागे पिंजतात, विणीतली भोकं बारीक होतात आणि गाळणं सुधारतं. म्हणजे बोहारणीला द्यायला काढलेलं मऊसूत लुगडं हेच सगळ्यात चांगलं. त्याचा वार-दोन वार तुकडा पिशवीत टाका. गाळून झाल्यावर पाणी उकळायचंच. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे, वीस मिनिटं इंधन जाळायची गरज नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

इंधन नसेल तर? नितळ पाण्याने भरलेली पारदर्शक प्लास्टिकची बाटली कडक उन्हात सहा तास आडवी ठेवा. उन्हातले अतिनील किरण आणि उष्णता मिळून जंतू मारतात. आभाळ भरलेलं असेल तर दोन दिवस लागतात. विदर्भाच्या उन्हाची आपण एवढी तक्रार करतो, इथे ते फुकट कामाला येतं.

पाणी जड असतं

एक लिटर म्हणजे एक किलो. मे महिन्यात चालणाऱ्या माणसाला दिवसाला चार लिटर सहज लागतं, म्हणजे पाच दिवसांचे वीस किलो झाले. म्हणून पाणी वाहून न्यायचं नसतं, पाणवठ्यांच्या हिशोबाने मुक्काम ठरवायचा असतो. गोंड माणूस रानात जाताना वाळवून कोरलेला तुंबा खांद्याला लावतो, त्यात पाणी नाहीतर पेज. वजनाला नगण्य. दुधीभोपळ्याची ही जात माणसाने लागवडीखाली आणलेल्या अगदी जुन्या वनस्पतींपैकी आहे, आणि ती खाण्याइतकीच भांड्यांसाठीही जपली गेली.

मच्छरदाणी: डास हे निम्मंच कारण

सामानात एकच गोष्ट न्यायची मुभा असती तर मी मच्छरदाणी निवडली असती. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आजही आहे, हे एक. (मलेरियाचा परजीवी डासात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या शेजारच्या सिकंदराबादेतच दिसलं.)

दुसरं कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. दात इतके बारीक की चावा कळतही नाही. खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात अपचन झालं असेल. नेपाळच्या तराईत सर्पदंशांचा अभ्यास झाला तेव्हा मच्छरदाणीत झोपणारे अधिक सुरक्षित आढळले.

पण मच्छरदाणी नुसती टांगून भागत नाही. चारही कडा सतरंजीखाली हातभर आत खोचायच्या, उशाकडची कड सगळ्यात शेवटी, आत बसून. खोचायच्या आधी बॅटरीच्या उजेडात अंथरूण झाडून घ्यायचं. खरेदी करताना लांबी बघा: कडा जमिनीला जेमतेम टेकणारी मच्छरदाणी इथे उपयोगाची नाही. आणि दंश झालाच, तर चिरा नको, आवळपट्टी नको, मांत्रिक नको. माणसाला हलू न देता थेट रुग्णालय. प्रतिविष तिथेच मिळतं.

गॅसबत्ती आणि लायटर: बाप एकच

वरातीत डोक्यावर मिरवणारी गॅसबत्ती आठवते? तिचं पांढरं जाळीदार मेंटल ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलं, १८८५ च्या सुमाराला. याच गृहस्थांनी १९०३ साली लोखंड आणि सिरियमचा ठिणग्या उडवणारा मिश्रधातू बनवला. तुमच्या खिशातल्या लायटरचा ‘दगड’ तोच.

उजेडाचा एक हिशोब: अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या झोताने ती कमाई क्षणात जाते. म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी लाल दिव्याची घ्या.

शेकोटी नको

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर जिवानिशी गेले. त्यानंतर तरी कुणी हौसेखातर रानात जाळ करू नये असं मला मनापासून वाटतं. परवानगी असेल तिथे छोटा स्टो पुरतो. दाबाचा रॉकेल स्टो १८९२ मध्ये स्टॉकहोमला जन्मला आणि पुढे दक्षिण ध्रुवापर्यंत आणि एव्हरेस्टवरही गेला.

घोंगडी घ्याच

विदर्भ म्हणजे ऊन, असं धरून डिसेंबरात येणारे कुडकुडतात. हिवाळ्यात विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान पुष्कळदा गोंदियाचंच नोंदलं जातं, कधी आठ अंशांच्याही खाली. थंडी पांघरुणाच्या वरून लागते तितकीच खालच्या जमिनीतून चढते, तेव्हा एक घोंगडी अंगाखाली, एक अंगावर.

पॉवर बँकेचं गणित

१०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असं वाटतं. प्रत्यक्षात दीड वेळेच्या आसपास भरतो, बाकीची वीज दाब बदलण्यात आणि उष्णतेत जाते. रेंज नसलेल्या ठिकाणी फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. विमान मोडवर टाका. जीपीएस तरीही चालतं, कारण त्यात फोन उपग्रहांचं नुसतं ऐकतो. नकाशा मात्र घरूनच उतरवून ठेवा.

हे एक आणूच नका

परदेशी याद्यांमध्ये उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र अगदी वर असतं. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, आणि त्यापायी विमानतळांवर पर्यटकांना अडवलं गेलंय. त्याऐवजी मार्ग, मुक्कामाची ठिकाणं आणि परतायची वेळ दोन कागदांवर लिहा. एक घरी ठेवा, दुसरा वनखात्याच्या गेटवर द्या.