लसूण, बीट आणि राष्ट्राध्यक्ष

थाबो म्बेकी 1999 साली दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा तिथे एड्स झपाट्याने पसरत होता. म्बेकी इंग्लंडमधून अर्थशास्त्र शिकून आलेले, पण एचआयव्हीमुळे एड्स होतो याबद्दलच त्यांना शंका! खरं कारण गरिबी आणि औषधं विषारी, असा त्यांचा सूर. त्यांच्या आरोग्यमंत्री तर लसूण, बीट आणि लिंबाची शिफारस करत.

लोकांच्या मनात भीती आधीपासून होतीच. डिसेंबर 1998मध्ये गुगु द्लामिनी या कार्यकर्तीने आपल्याला लागण झाल्याचं जाहीरपणे सांगितलं, तर जमावाने तिला मारून टाकलं. अशा समाजात वरूनच शंका पेरली गेली, की तपासणीला जाणार कोण?

आईकडून बाळाला होणारी लागण निम्म्याच्या आसपास खाली आणायला प्रसूतीच्या वेळी आईला नेविरापिनची एक गोळी आणि बाळाला थोडं द्रावण, एवढं पुरे होतं. कंपनी ते पाच वर्षं फुकट द्यायला तयार होती. म्हणजे अडलं होतं ते पैशांपायी नव्हे. तरी ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या संघटनेला कोर्टात जावं लागलं. औषध सरकारी दवाखान्यांत द्या, असा निकाल 2002मध्ये संविधान न्यायालयाने दिला.

युगांडा याहून गरीब. पण तिथले अध्यक्ष मुसेवेनी (बाकी कारभाराबद्दल न बोललेलं बरं) सभांमधून एड्सबद्दल उघड बोलत. तिथलं लागणीचं प्रमाण 1990च्या दशकात घटलं.

हार्वर्डच्या संशोधकांच्या 2008मधल्या अंदाजानुसार, औषधं वेळेत न दिल्यामुळे दक्षिण आफ्रिकेत 3,30,000हून अधिक माणसं दगावली.