दारावरची यादी आणि घरातली गैरसोय

जाहिरातींचा जाच होऊ लागला म्हणजे घरातील एखादा हौशी तरुण राउटरवर अडवणुकीची यादी बसवितो. चार दिवस सारे खूश असतात. पाचव्या दिवशी वीजबिलाचे पान उघडत नाही, आणि जाहिराती मात्र कोठून तरी येतातच. हे का घडते?

फोन किंवा संगणक कोणतेही पान उघडण्यापूर्वी त्या स्थळाचे नाव सांगून त्याचा अंकी पत्ता विचारतो. 1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आखलेल्या नामव्यवस्थेचे, म्हणजे डीएनएसचे, हेच काम. राउटर यादीतील नावाला खरा पत्ता न देता बहुधा 0.0.0.0 असे पोकळ उत्तर देतो. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीतील फाटकावरच्या वॉचमनसारखेच हे आहे. त्याला येणाऱ्याचे नाव कळते, पिशवीतील माल दिसत नाही. यादीचे सारे गुणदोष यातून निघतात.

पहिली तक्रार, जाहिराती थांबत नाहीत. अशा वेळी प्रथम पाहावे, की प्रश्न राउटरलाच विचारला जातो ना? संगणकावर एनएसलुकअप ही आज्ञा देऊन यादीतील एखादे नाव विचारावे. खरा पत्ता आला, तर एक तर यादी राउटरवर चढलेलीच नाही, किंवा पाहुणा मागच्या दाराने गेला. लहान राउटरची स्मृती तोकडी असते. लाखो नावांची यादी तीत मावत नाही. मागची दारे तीन : ब्राउझरमधील ‘सुरक्षित डीएनएस’, अँड्रॉइड फोनमधील ‘खाजगी डीएनएस’, आणि इंटरनेट कंपनीने आयपीव्ही6 वरून दिलेला दुसरा उत्तरदाता. यूट्यूबची गोष्ट निराळी. तेथे जाहिरात आणि चित्रफीत बहुधा एकाच नावाच्या घरातून येतात. एकीला अडवावे तर दुसरीही अडते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर : हवे ते पान बंद पडते. तेच पान मोबाइलच्या डेटावर उघडून पाहावे. तेथे उघडले, तर संशय यादीवर घ्यावा. मग राउटरची नोंदवही उघडून त्या क्षणी कोणती नावे अडली ते पाहावे आणि एकेक नाव मोकळे करावे. एकदम दहा सोडली, तर दोषी कोण ते कळणार नाही. दर वेळी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा, कारण जुने उत्तर काही काळ त्याच्या स्मरणात राहते.

नावावरून अडविण्याचा हा दोष घरापुरता नाही. 2014 च्या डिसेंबरात मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून देशात 32 संकेतस्थळे रोखण्यात आली. रोख आक्षेपार्ह मजकुरावर होता. पण व्हिमिओ, डेलीमोशन, इंटरनेट अर्काइव्ह ही नावेच यादीत आल्याने तेथील निरुपद्रवी मजकूरही अडला. वर्षअखेरीस काही स्थळे मोकळी करावी लागली.

यादी परक्याने केलेली असते. गैरसोय मात्र आपल्या माणसांची होते. म्हणून यादी बसविणाऱ्याने घरच्यांना तशी कल्पना द्यावी, ती पाच मिनिटे बंद कशी करावयाची ते दाखवावे, आणि मोकळ्या केलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहून ठेवावे. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मुलीला ‘पान उघडत नाही’ एवढेच दिसते. ते का उघडत नाही हे सांगणारे कोणी घरात असावयास हवे.